घागकाका आणि एक कप बदाम

पाककृतीत ‘एक कप बदाम’ असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. मग ते मोबाइलवर असो, मासिकात असो, नाहीतर आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर. कसले बदाम? अख्खे? उभे काप? भरड? पूड? सालासकट की सोलून? परवा एकीला मी हे सगळं विचारलं. तिनं हसणारे तीन चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, ‘अगं, अंदाजे गं!’ मी ग्रुप सोडला.

ही खोड मला राजाराम घाग नावाच्या माणसानं लावली. गुहागर तालुक्यातला माणूस. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मिठाईचं एक मोठं किचन आहे, तिथून दुबई-शारजातल्या पंधरा-वीस दुकानांना माल जातो. एका बाजूला आपली मिठाई, दुसऱ्या बाजूला अरबी मिठाई आणि मधे मेव्याची खोली. त्या खोलीत घागकाका सव्वीस वर्षं होते. बदाम, पिस्ता, काजू, अक्रोड त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुठल्याही कढईत पडत नसत. मी त्याच किचनच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळायला लागले तेव्हा माझी बसायची जागा त्यांच्या खोलीच्या काचेला लागून होती, त्यामुळे त्यांचं ओरडणं मला दिवसभर ऐकू यायचं.

बुटका, रुंद माणूस. बदामाच्या तेलानं तळहात तान्ह्या पोराच्या गालासारखे मऊ झालेले, आणि जीभ मात्र किसणीसारखी. अक्रोडाचं नवं पोतं उघडलं की आधी नाक आत घालायचे, मग एक फाक दाताखाली धरून डोळे मिटायचे. खवट लागली तर थुंकून पहिली शिवी पोत्याला, दुसरी पोतं पाठवणाऱ्याला. आणि कपात मेवा भरताना कुणी कप टेबलावर ठोकला तर त्याचं काही खरं नाही. "ठोकू नको, मेल्या! ठोकलास की खाली बसतं. बसलेला कप वेगळा, सैल कप वेगळा!" हे ते नेपाळी, बंगाली, मल्याळी सगळ्यांना मराठीतच सांगायचे. आणि गंमत म्हणजे सगळ्यांना कळायचं.

नवीन होते तेव्हा मीही एकदा चुकले. कुठल्याशा फॉर्मवर भरायचं होतं म्हणून काचेवर टकटक केली आणि विचारलं, "काका, एका कपात किती ग्रॅम बदाम बसतात हो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी त्यांचं वय विचारलं. "आत ये गो," म्हणाले. "टोपी घाल डोक्यावर आणि ये."

स्टीलचा मापाचा कप घेऊन त्यांनी अख्खे बदाम भरले, सुरीच्या पाठीनं वरून सपाट केले आणि काट्यावर ओतले. एकशे चाळीस ग्रॅम. मग तेच बदाम मिक्सरमध्ये फिरवले आणि ती पूड चमच्यानं हळूहळू परत त्याच कपात भरायला लागले. कप भरला. भांड्यात पूड उरली, चांगली अर्धा कपभर.

"बदाम तेवढेच ना?"

"हो."

"कप तोच ना?"

"हो काका."

"मग हे उरलं कुठनं? मी गावावरनं आणलं?"

मी हसले. ते हसले नाहीत. कपातली पूड त्यांनी काट्यावर घातली. पंच्याण्णव ग्रॅम. "एक कप बदाम एकशे चाळीस. एक कप बदामाची पूड पंच्याण्णव. पातळ काप केलेस तर नव्वद. आता अक्रोड बघ, त्याचं उलटं." अक्रोडाच्या मोठ्या फाकांचा कप भरला शंभर ग्रॅम, आणि बारीक तुकड्यांचा भरला एकशे सतरा. "मोठ्या फाकांत हवा राहते. हवा खाऊन मिठाई होत नाही. म्हणून मला ‘कप’ म्हणून विचारायचं नाही. कशाचा कप, ते विचारायचं."

असे किती आकडे त्यांच्या डोक्यात होते देव जाणे. काजूची पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, भरड वेगळी. काहीही लिहून ठेवलेलं नव्हतं. शाळा सातवीपर्यंत झालेली. इंग्रजी म्हणजे आकडे आणि स्वतःचं नाव, तेही बताक्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, सही करायला लागते म्हणून शिकलेलं.

त्यांची गाजलेली भांडणं बरीच होती, पण अरबी बाजूच्या अबू सामीशी झालेलं मी स्वतः पाहिलं. अबू सामी बक्लाव्याचा उस्ताद, सहा फूट उंच, आवाज त्याहून मोठा. विषय पिस्त्याचा. पिस्ता भाजण्याआधी तोलायचा की भाजल्यावर?

"रोस्ट के बाद वजन, हबीबी! बाद!"

"पहले! बाद में पानी उडता है! किलो का साडे नौसौ होता है!"

"इसलिये तो बाद!"

"इसलिये तो पहले!"

पंधरा मिनिटं हेच. ओव्हनची पोरं काम टाकून बघत उभी. शेवटी दोघांनी आपापल्या पद्धतीनं एकेक थाळा केला आणि एकमेकांचा खाऊन पाहिला. दोन्ही चांगले झाले होते. मग कळलं की अबू सामीची पाककृती भाजलेल्या पिस्त्याची होती आणि काकांची कच्च्या पिस्त्याची. दोघंही बरोबर होते आणि दोघंही नुसतं ‘एक किलो पिस्ता’ म्हणत होते. "खलास," अबू सामी म्हणाला आणि त्यानं काकांच्या पाठीत असा गुद्दा घातला की काका काट्यावर आदळले. तेव्हापासून दुपारचा चहा दोघं एकत्र घ्यायचे आणि चहा घेताना नव्या विषयावर भांडायचे.

अल बर्शाच्या एक मराठी बाई दर गणपतीला आमच्याकडून बदामवडी न्यायच्या. एका वर्षी त्यांनी फोन करून पाककृतीच मागितली. काका एरवी कुणाला नाही म्हणत नसत, पण त्यांचे प्रश्न संपेनात. कप केवढा, बदाम घरी दळणार की पूड आणणार, चाळणार का. बाई दमल्या. त्यांच्या मुलानं फोन घेतला. "अंकल, प्लीज जस्ट टेल अस इन कप्स. वी डोन्ट हॅव अ स्केल."

"मग घ्या ना काटा," काका म्हणाले. "फोन घेतलास ना एवढा भारी? तुमच्या घरातला कप मी पाहिला नाय, बाळा. न बघितलेल्या गोष्टीची जबाबदारी मी घेत नाय." आणि फोन ठेवून दिला. बाईंनी मालकांकडे तक्रार केली, मालक हसले, प्रकरण मिटलं. तेव्हा मालक रोज किचनमध्ये यायचे.

मग मालकांचं येणं कमी झालं आणि मॅनेजर म्हणून रोहन सर आले. जन्म दुबईचा, शाळा दुबईची, आईवडील ठाण्याचे. मराठी समजायचं, उत्तर अर्धंअधिक इंग्रजीत यायचं. उद्धट असते तर बरं झालं असतं. सगळ्यांना प्लीज, थँक यू, काकांना ‘घाग अंकल’, वाढदिवसाला केक. अशा माणसावर ओरडायला तोंड उघडत नाही, आणि त्यानं आमचं जे काही केलं ते प्लीज-थँक यू म्हणतच केलं.

त्यांनी नवी सिस्टम आणली. प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड, कार्डावर सगळं ग्रॅममध्ये. काटा कॉम्प्युटरला जोडलेला. कार्डाप्रमाणे वजन झालं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. कल्पना वाईट नव्हती. खुद्द काकाच म्हणाले, "बरं झालं, कपाची कटकट गेली." जुन्या बहुतेक पाककृती कपात होत्या. त्या ग्रॅममध्ये करायचं काम माझ्यावर आलं.

मी काकांकडे गेले. ते खूश झाले. खरंच सांगते, त्या माणसाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांच्या डोक्यातलं कुणी लिहून घ्यायला आलं नव्हतं. "चार दिवस दे मला," म्हणाले. "एकेक जिन्नस, एकेक प्रकार, तुझ्यासमोर तोलून देतो. अख्खे बदाम लिही, एकशे चाळीस. बाकी उद्या सकाळी बसू."

मी लिहिलं : बदाम, एक कप, एकशे चाळीस. शेवटच्या रकान्यात माहिती कोणी दिली ते लिहायचं होतं. तिथं लिहिलं, आर. घाग.

संध्याकाळी रोहन सर टेबलाशी आले. "सुजाता, फोर डेज? इट्स जस्ट नट्स. गुरुवारी गो-लाइव्ह आहे. यल्ला, फिनिश इट टुडे, प्लीज."

आणि मी काय केलं ते ऐका. एकशे चाळीसच्या चौकटीचा कोपरा माउसनं धरला आणि खाली ओढला. एका सेकंदात एकेचाळीस ओळी भरल्या. बदामाची पूड एकशे चाळीस. बदामाचे काप एकशे चाळीस. अक्रोड, काजूची भरड, पिस्त्याची पूड, सगळं एकशे चाळीस. आणि शेजारच्या रकान्यात एकेचाळीस वेळा आर. घाग. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. अर्धा कप पूड उरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. घरी जायची घाई होती, साहेबाला नाही म्हणायची छाती नव्हती, आणि मेला मेवाच तर आहे, काय फरक पडतो, असंही वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात काकांनी बदामवडीला पूड तोलली. दर कपाला पंच्याण्णवच्या हिशेबानं. लाल दिवा. त्यांना वाटलं काटा बिघडला. त्यांनी बटण दाबून दिवा बंद केला आणि काम चालू ठेवलं. वडी नेहमीसारखी झाली. आठ दिवसांत सिस्टमनं अशा बावीस चुका मोजल्या आणि काकांच्या नावानं पत्र निघालं. रोहन सरांनी ते मला दिलं. "मराठीत समजाव त्यांना. नाइसली."

पत्रात लिहिलं होतं की राजाराम घाग यांनी स्वतःच दिलेली वजनं ते स्वतःच पाळत नाहीत, ही गंभीर बाब आहे, आणि पुन्हा घडल्यास नोकरीचा विचार करावा लागेल. मी काकांना सांगितलं, "विशेष काही नाही काका. पुढच्या वेळी कार्डाप्रमाणे करा, एवढंच आहे."

"पण कार्डात काहीतरी चुकलंय गो. पूड जास्त मागतंय."

"मी बघते," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. मराठी पोरीनं सांगितलं म्हणून केली.

मी बघितलं नाही. दिवाळी तोंडावर होती. एका मोठ्या कंपनीची चारशे डब्यांची ऑर्डर होती, सगळी बदामवडी. काकांनी या वेळी कार्डाप्रमाणे तोललं. हिरवा दिवा लागत गेला. गोळा कढईतच कोरडा पडला. काका काचेतून मला हातानं बोलावत होते, मी फोनवर होते. ते रोहन सरांकडे गेले, "सर, ये नहीं होगा, पाक कम पडता है." रोहन सर म्हणाले, "अंकल, ट्रस्ट द कार्ड. ग्रीन है ना?" चारशे डबे भरून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. वडीचा तुकडा पडत नव्हता, दाताखाली भुगा व्हायचा, घशाला कोरड पडायची. कंपनीच्या माणसानं एक डबा रिसेप्शनवर उपडा केला आणि म्हणाला, "ये क्या है? सिमेंट?"

चौकशी झाली. काचेच्या मीटिंग रूममध्ये रोहन सर, मालक, काका आणि टिपणं घ्यायला मी. रोहन सरांनी पडद्यावर माझा तक्ता लावला. अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "वजनं घाग अंकलनीच दिली आहेत. सोर्स कॉलममध्ये नाव आहे. मे बी एज फॅक्टर. नो वन्स फॉल्ट, रिअली."

मालकांनी काकांना हिंदीत विचारलं, "घाग, हे तू दिलंस?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ही आता बोलेल. त्या नजरेत शंका नव्हती हो, तेच मला आजही सहन होत नाही. माझा नवरा तेव्हा तीन महिने घरी बसलेला, पोरीचा आणि त्याचा व्हिसा माझ्या नोकरीवर. ही कारणं खरी आहेत. पण ती खोलीत बसलेल्या कुणालाच माहीत नव्हती. त्यांना फक्त माझी मान खाली गेलेली दिसली.

"दिलं असेल सर," काका शेवटी म्हणाले. "अख्ख्या बदामाचं दिलं." बाकीचं त्यांना हिंदीत नीट सांगता येईना. मालकांना दुसरी मीटिंग होती. ओरड ना, मेल्या! मला आतून ओरडावंसं वाटत होतं. पोतं खवट निघालं तर आकाशपाताळ एक करणारा माणूस, स्वतःच्या वेळी आवाज का बसला तुझा? मालकांसमोर त्यांचा आवाज कधी चढलाच नव्हता, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं.

काकांचा व्हिसा संपायला सहा आठवडे होते. नूतनीकरण नाही, असं ठरलं.

जायच्या आधी ते माझ्या टेबलाशी आले. "तक्ता दाखव."

मी उघडला. ते वाकून बघत राहिले. एकशे चाळीस, एकशे चाळीस, एकशे चाळीस. बोट एकेका ओळीवरून खाली जात होतं. मग बोट शेवटच्या रकान्यात गेलं. "हे माझं नाव ना?"

"हो."

"एवढ्या वेळा?"

मी माउस उगाच वर-खाली सरकवला.

"बदामपुडीचं एकशे चाळीस मी सांगितलं तुला? मी?" आवाज चढला नाही, आणि तेच भयंकर होतं. "नोकरी गेली तर गेली. दुसरी बघेन. पण ह्या खोट्या आकड्यापुढे माझं नाव नको. उद्या कुणी नवा पोरगा येईल, त्याला वाटेल घागला एवढंपण कळत नव्हतं. बदल हे."

"बदलते काका. नक्की."

"कधी?"

"ह्या आठवड्यात."

सिस्टममध्ये आकडा बदलायचा तर कारण लिहावं लागतं. चूक कोणाची ते लिहावं लागतं. मग ते रोहन सरांकडे मंजुरीला जातं. मी तीनदा ती खिडकी उघडली आणि तीनदा बंद केली. काकांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं कार्डाप्रमाणे करून पाहिलं, गोळा कोरडा पडला, तर रोहन सरांनी पूड तशीच ठेवून पाक आणि दूधपावडर वाढवून दिली. वडी आता होते. चव विचारू नका. दुकानात जाऊन खाणारे खातात, आणि माझं पित्त खवळतं, माणसांवर नाही, स्वतःवर.

वर्ष होत आलं तेव्हा अबू सामीकडून कळलं की काका रास अल खैमाला आहेत, एका सिमेंट फॅक्टरीच्या कामगारांच्या कँटीनमध्ये. मी शनिवारी दुपारी गाडी काढली. वाटेत काय बोलायचं ते ठरवत गेले. माफी मागायची. नवऱ्याला नोकरी लागली, आता सांगायला हरकत नाही, असं म्हणायचं. रडू आलं तर येऊ द्यायचं. म्हातारा माणूस, जाऊ दे गो म्हणेल, चहा पाजेल.

कँटीनच्या मागच्या दाराशी ते बाहेर आले. अंगावर डाळीचा वास. केस पूर्ण पांढरे. तिथे बदाम-पिस्ते नाहीत. सहाशे माणसांचा भात आणि डाळ.

"काका, मी सुजाता."

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत."

मी ठरवलेलं बोलायला लागले. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, पत्र मी तुम्हाला नीट वाचून दाखवलं नाही, माझी परिस्थिती तेव्हा अशी होती, मला झोप लागत नाही. त्यांनी मधेच हात वर केला.

"तक्ता बदललास?"

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

"बदललास का, विचारतोय."

"काका, ते आता... पाक वाढवून दिलाय, त्यामुळे तसं अडत नाही..."

"बदामपुडीपुढे एकशे चाळीस आहे?"

"आहे."

"पुढे माझं नाव आहे?"

"आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला. वाटलं, आता ओरडतील, मेव्याच्या खोलीत ओरडायचे तसं. मला ते हवं होतं. शिव्या खायला मी ऐंशी किलोमीटर गाडी हाकत आले होते. पण त्यांनी फक्त खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले, बोटं एकेक करून, सावकाश.

"मग रडायला इथं कशाला आलीस?" म्हणाले. "तिकडं जा."

आतून कुणीतरी भात लागतोय म्हणून हाक मारली. ते वळले आणि आत गेले. मोठ्या पातेल्याच्या वाफेत त्यांची रुंद पाठ थोडा वेळ दिसत राहिली, मग झारा आपटल्याचा आवाज आला आणि कुणावर तरी ते मराठीतून ओरडले. माझ्यावर नाही. माझ्याशी त्यांचं बोलणं संपलं होतं.